कॉन्ट्रॅक्ट नोट हातात आहे, पण शब्द कळत नाहीत

कराडची वहिनी

नमस्कार मंडळी. आमचं कराडला किराणा दुकान आहे. दुकानाची वही, उधारीखातं, जीएसटीचं सगळं मीच बघते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. गेल्या महिन्यात स्वतःच्या नावावर डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलं आणि पहिल्याच खरेदीला शब्दांनी अडवलं.

रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर ऍपवर ऑर्डर टाकली, एका कंपनीचे ५० शेअर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती चांगली की वाईट हे मला विचारायचं नाही. तेव्हा भाव ४०५ दिसत होता. सोमवारी सकाळी साडेनऊला बघितलं तर ४१२ ने खरेदी झालेली. म्हणजे २०,६०० रुपये. माझ्या नावे मात्र २०,७४६.३१ पडले.

संध्याकाळी ब्रोकरकडून मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याचं बिल, आली. त्यात असं आहे: ब्रोकरेज १०३, एसटीटी २१, स्टॅम्प ड्युटी ३, एक्स्चेंज ट्रान्झॅक्शन चार्जेस ०.६३, सेबी टर्नओव्हर फी ०.०२, सीजीएसटी ९.३३ आणि एसजीएसटी ९.३३. बेरीज जुळते, ती मी करून बघितली. पण हे कशाकशाचे पैसे आहेत?

शिवाय त्या दिवशी ऍपमध्ये शेअरच्या पुढे ‘टी१’ असं काहीतरी लिहिलं होतं. म्हणजे शेअर माझे झाले होते की नव्हते?

आणखी दोन गोष्टी. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, ही कंपनी ३०० टक्के लाभांश देते.’ तीनशे टक्के म्हणजे तिप्पट पैसे? तसं असतं तर सगळं गाव श्रीमंत झालं असतं. आणि ब्रोकरच्या ऑफिसातून फोन आला, ‘मॅडम, तुमचं एमटीएफ चालू करून देतो, २० हजारांत ६० हजारांचा माल उचला.’ मी ‘कळवते’ म्हणून फोन ठेवला. कुणीतरी समजेल असं सांगा. इंटरनेटवर वाचलं तर एका शब्दाचा अर्थ सांगायला आणखी चार अवघड शब्द येतात.

---

फोर्टातला जुना कारकून

वहिनी, तुम्ही कॉन्ट्रॅक्ट नोट उघडलीत, वाचलीत आणि बेरीज करून बघितलीत, याचं मला फार बरं वाटलं. मी फोर्टात दलालाच्या ऑफिसात बॅक ऑफिसला नोकरी केली, निवृत्तीपर्यंत तेच काम. सौदे मांडायचे, हिशेब जुळवायचे, ग्राहकाला बिल पाठवायचं. आम्ही इतक्या काळजीने बनवलेला तो कागद शंभरातले नव्वद जण न फोडताच ठेवून द्यायचे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ४०५ आणि ४१२ चं बघू. रविवारी बाजार बंद. ऍपवर दिसणारा ४०५ हा शुक्रवारी झालेल्या सौद्यांवरून ठरलेला जुना भाव होता. ‘एलटीपी’ असं जे लिहिलेलं असतं ते झालेल्या शेवटच्या सौद्याबद्दल असतं. पुढच्या सौद्याबद्दल ते काहीही वचन देत नाही. तुमची रात्रीची ऑर्डर ब्रोकरकडे थांबून राहिली, तिला एएमओ म्हणतात, बाजार बंद असताना दिलेली ऑर्डर. सोमवारी सकाळी ती एक्स्चेंजला, म्हणजे शेअर बाजाराला, गेली.

९ ते ९:१५ हा प्री-ओपनचा वेळ. पहिली सात-आठ मिनिटं फक्त ऑर्डरी गोळा होतात. मग ज्या भावाला जास्तीत जास्त शेअरांची देवघेव जुळते तो एकच भाव काढतात आणि त्या भावाने सौदे पडतात. तो दिवसाचा उघडता भाव. शनिवार-रविवारी त्या कंपनीची काही बातमी आली असेल, घेणारे वाढले असतील, म्हणून ४१२ ला उघडला. तुमच्या नोटेत प्रत्येक सौद्यासमोर वेळ छापलेली असते, सेकंदासकट. ती ९:०८ च्या आसपासची असेल तर हेच झालं असं समजा.

आता महत्त्वाचं. तुम्ही ऑर्डर टाकताना ‘मार्केट’ निवडलं असणार. मार्केट ऑर्डर म्हणजे पोराला मंडईत पाठवताना ‘टोमॅटो आणच, भाव काय असेल तो असू दे’ असं सांगणं. टोमॅटो येतात, भाव तुमच्या हातात राहत नाही. त्याऐवजी ‘लिमिट’ निवडून ४०६ लिहिलं असतं, तर ४०६ किंवा त्याखाली मिळाले तरच घेतले असते, नाहीतर संध्याकाळी ऑर्डर आपोआप रद्द झाली असती. माझं आग्रहाचं सांगणं आहे की रात्री ऑर्डर टाकायची असेल तर लिमिटच टाका. मोठ्या, रोज भरपूर उलाढाल असलेल्या शेअरमध्ये दुपारी मार्केट ऑर्डर दिली तर फरक पाच-दहा पैशांचा पडतो. छोट्या कंपनीत मात्र दोन-तीन रुपये सहज जातात.

तो फरक आधी दिसतो कुठे? ऍपमध्ये शेअरच्या नावावर बोट ठेवलं की ‘मार्केट डेप्थ’ उघडतं. डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे पाच भाव, समोर किती शेअर ते. डावीकडे सगळ्यात वर ४११.९०, उजवीकडे सगळ्यात वर ४१२.००, म्हणजे फट दहा पैशांची. हा शेअर रोज खेळता आहे. तिथेच डावीकडे ४०८ आणि उजवीकडे ४१२ दिसलं, आणि समोर २०-२५ शेअरच असले, तर हात आवरा. आज ४१२ ला घेतलेला शेअर पाच मिनिटांनी विकायचा झाला तर गिऱ्हाईक ४०८ चंच आहे. दुकानदाराला ही फट मी काय समजावणार, तुम्ही रोज खरेदी-विक्रीच्या दोन भावांमध्येच काम करता.

आता १४६.३१ चा हिशेब. यातला मोठा आकडा ब्रोकरेज, १०३. म्हणजे तुमचा ब्रोकर ०.५० टक्के लावतो. वरची कायदेशीर मर्यादा २.५ टक्के आहे, त्यामुळे ०.५० बेकायदा नाही. पण आज अनेक ब्रोकर डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर घेऊन ठेवण्याच्या, खरेदीला काहीच घेत नाहीत किंवा ऑर्डरमागे ठरावीक वीसेक रुपये घेतात. खातं उघडताना ‘टॅरिफ शीट’ दिली असेल ती काढून वाचा आणि विचारा की दुसरा प्लॅन आहे का.

एसटीटी म्हणजे सरकारचा कर, शेअरच्या सौद्यावरचा. डिलिव्हरीत खरेदीलाही ०.१ टक्के आणि विक्रीलाही ०.१ टक्के. २०,६०० वर २०.६०, पूर्ण रुपयात २१. स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, ती फक्त घेणाऱ्याकडून. १ जुलै २०२० पासून सगळ्या देशात एकच दर झाला, त्याआधी राज्याराज्यांचे दर वेगळे होते आणि आम्हाला ते सांभाळताना नाकी नऊ यायचे. एक्स्चेंज चार्ज एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजाराचा. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिची फी कोटीला १० रुपये, म्हणून तुमच्या वाट्याला दोन पैसे. आणि १८ टक्के जीएसटी फक्त ब्रोकरेज, एक्स्चेंज चार्ज आणि सेबी फी यांच्यावर. शेअरच्या किमतीवर, एसटीटीवर, स्टॅम्पवर जीएसटी नाही. १०३.६५ चे १८ टक्के १८.६६, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. तुमच्या नोटेतलं बरोबर आहे.

विकतानाही स्टॅम्प सोडून हे सगळं पुन्हा लागेल. वर डीपी चार्ज, तो डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचा, कंपनीमागे दिवसाला ठरावीक रक्कम. तो कॉन्ट्रॅक्ट नोटेत दिसत नाही, ब्रोकरच्या लेजरमध्ये, म्हणजे तुमच्या नावाच्या खातेवहीत, दिसतो. ‘नोटेपेक्षा वीसेक रुपये कमी का आले’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की म्हणून आधीच सांगून ठेवतो. सगळं धरून तुमचा शेअर साधारण ४१८ च्या पुढे गेला तरच तुम्ही खऱ्या अर्थाने फायद्यात. ऍप मात्र ४१३ लाच हिरवा आकडा दाखवायला लागेल.

टी१ आणि एमटीएफचं रात्री लिहितो.

---

आयटीतला सातारकर

काकांनी उत्तम लिहिलंय. मी फक्त पी/ई बद्दल दोन ओळी टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे.

कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा भागिले एकूण शेअर म्हणजे ईपीएस. समजा तो १६.५० आहे. भाव ४१२ भागिले १६.५० म्हणजे जवळपास २५. हा पी/ई. कंपनीच्या १ रुपया वार्षिक नफ्यासाठी बाजार २५ रुपये मोजतोय. हा आकडा एकटा बघून काही कळत नाही. बँकेचा बँकेशी ताडून बघा, सिमेंटवालीचा सिमेंटवालीशी. आणि नफ्यात जमीन विकून आलेले पैसे धरले आहेत का ते बघा. तसं असेल तर त्या वर्षी पी/ई उगाच कमी दिसतो आणि लोक ‘स्वस्त’ म्हणून घेतात.

नुसत्या भावावरून महाग-स्वस्त ठरवू नका. एमआरएफचा शेअर जून २०२३ मध्ये १ लाख रुपयांच्या वर गेला होता आणि ४० रुपयांचा एखादा शेअर पी/ईच्या मापाने त्याच्यापेक्षा महाग असू शकतो.

---

फोर्टातला जुना कारकून

सातारकरांनी नफ्याचं फार महत्त्वाचं सांगितलं. आता टी१.

टी म्हणजे सौद्याचा दिवस. भारतात आता टी+१ आहे, सोमवारी सौदा झाला तर मंगळवारी पैसे आणि शेअर यांची अदलाबदल. म्हणजे सोमवारी तुमचा खरेदीचा सौदा पक्का झाला होता, पण शेअर डीमॅटमध्ये आले नव्हते. मध्ये सुट्टी आली तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात.

याची किंमत मला विचारा. मी लागलो तेव्हा शेअर कागदाचे होते. सर्टिफिकेट, त्याला टाचलेला ट्रान्सफर फॉर्म, त्यावर स्टॅम्प, विकणाऱ्याची सही. तो गठ्ठा कंपनीकडे जायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत यायचा. ग्राहक समोर बसून रडलेले मी पाहिले आहेत, कारण भाव तोवर निम्म्यावर आलेला असायचा आणि शेअर ना त्यांच्या नावावर ना विकता येण्यासारखे. १९९६ ला एनएसडीएल, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात सांभाळणारी संस्था आली, डीमॅट सुरू झालं आणि ते दुःख संपलं. मग २००१ ला टी+५, २००२ ला टी+३, २००३ ला टी+२, आणि जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी+१. ऍपमधल्या त्या दोन अक्षरांमागे एवढं काम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

व्यवहारात एवढं लक्षात ठेवा. टी१ दिसत असताना काही ब्रोकर विकू देतात. पण ज्याने तुम्हाला विकले त्याने शेअर दिलेच नाहीत, तर तुमच्याकडे पुढे द्यायला शेअर नाहीत. मग एक्स्चेंज ऑक्शन करतं, बाजारातून शेअर आणून तुमच्या गिऱ्हाइकाला देतं आणि भावातला फरक आणि दंड तुमच्या नावावर चढतो. मोठ्या शेअरमध्ये असं क्वचित होतं, छोट्यांत होतं. शेअर डीमॅटमध्ये पडल्यावरच विका.

डीमॅटमध्ये पडले हे ब्रोकरच्या ऍपवरून ठरवू नका. तुमचं खातं सीडीएसएलकडे आहे की एनएसडीएलकडे ते बघा. खाते क्रमांक सोळाही आकडे असेल तर सीडीएसएल, सुरुवातीला ‘आयएन’ ही अक्षरं असतील तर एनएसडीएल. शेअर त्यांच्याकडे असतात, ब्रोकर फक्त मधला दुवा. दोघांच्याही वेबसाइटवर तुम्हाला स्वतःचं लॉगिन करता येतं. ते आजच करा.

आता एमटीएफ. तुमचे २० हजार, ब्रोकरचे ४० हजार कर्जाऊ, आणि घेतलेले सगळे शेअर ब्रोकरकडे गहाण. व्याज रोज चढतं. समजा वर्षाला १५ टक्के, तर ४० हजारांवर महिन्याला ५०० रुपये. भाव जागचा हलला नाही तरी ते जाणारच. भाव १० टक्के उतरला तर ६० हजारांचे ५४ झाले. गेलेले ६ हजार सगळे तुमच्या २० मधले, म्हणजे तुमचं नुकसान १० नव्हे, ३० टक्के. आणखी उतरला की मेसेज येतो, ‘मार्जिन शॉर्टफॉल’, उद्यापर्यंत पैसे भरा. नाही भरले तर ब्रोकर शेअर विकून आपले पैसे वसूल करतो, आणि तो त्या दिवशीच्या पडेल भावाला विकतो. कायद्याने त्याला ती मुभा आहे, तुम्हीच सही केलेली असते.

पूर्वी आमच्याकडे बदला होता. सौदा पुढच्या वळणावर, म्हणजे पुढच्या हिशेबाच्या तारखेवर, ढकलायचा, पैसे लावणाऱ्याला बदल्याचं व्याज द्यायचं. जुलै २००१ मध्ये सेबीने तो बंद केला. त्या पद्धतीत बरी घरं बुडालेली मी हिशेब लिहिता लिहिता पाहिली आहेत. एमटीएफ बदल्यापेक्षा पुष्कळ नियमबद्ध आहे, पण उसने पैसे घेऊन शेअर धरणं हे दोन्हीकडे सारखंच. वहिनी, तुम्ही उधारी देणाऱ्या माणूस आहात, महिना उलटला की गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. फोन करणाऱ्याला व्याजातून आणि ब्रोकरेजमधून उद्दिष्ट पुरं करायचं असतं. त्याला मेलवर लिहून कळवा की एमटीएफ नको. फोनवर ‘नको’ म्हटल्याची नोंद राहत नाही.

---

नाशिकची सीए

टॅक्सचे शब्द राहिलेत, ते मी घेते.

१२ महिन्यांपर्यंत ठेवून विकलेत तर नफा शॉर्ट टर्म, त्यावर २० टक्के. १२ महिन्यांहून जास्त ठेवलात तर लाँग टर्म, वर्षभरातला असा एकूण नफा सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्यावरच्या रकमेला १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. जुन्या व्हिडिओंमध्ये १५ आणि १० टक्के सांगतात, ते सोडून द्या.

नफा काढताना ब्रोकरेज खर्चात धरता येतं, एसटीटी धरता येत नाही. म्हणून नोटेत ते वेगळ्या ओळीत असणं कामाचं आहे. तोटा झाला तरी रिटर्न मुदतीत भरा, म्हणजे तो पुढे आठ वर्षं ओढता येतो. मुदत चुकली की तो हक्क जातो. माझ्याकडे दर ऑगस्टमध्ये असे लोक येतात आणि मला त्यांच्यासाठी काही करता येत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

लाभांश तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. एका कंपनीकडून वर्षात १० हजारांपेक्षा जास्त आला तर कंपनी १० टक्के टीडीएस कापून देते. आणि दुकान तुमच्या नावावर असेल तर हे पैसे दुकानाच्या करंट खात्यातून फिरवू नका, वेगळं बचत खातं ठेवा.

---

पणजीचा सुभाष

याच धाग्यात विचारतो. २०२४ ला दिवाळीच्या आठवड्यात माझ्या वडिलांनी सकाळी ऍप उघडलं आणि रिलायन्स निम्म्यावर. २,६०० च्या पुढचा भाव १,३०० च्या घरात. त्यांना दरदरून घाम फुटला. नंतर कळलं की बोनस होता. पण हे रेकॉर्ड डेट, एक्स डेट, बोनस, स्प्लिट मला अजूनही एकमेकांत गुंतलेले वाटतात.

---

फोर्टातला जुना कारकून

सुभाषराव, वहिनींच्या ३०० टक्क्यांचं उत्तर याच्यातच आहे, एकत्र सांगतो.

प्रत्येक शेअरला एक दर्शनी किंमत असते, फेस व्हॅल्यू. १०, ५, २, १ रुपया अशी. बाजारभावाशी तिचा संबंध नाही. कंपनी लाभांशाचे टक्के सांगते ते या दर्शनी किमतीवर. वहिनी, तुमच्या कंपनीची फेस व्हॅल्यू एक्स्चेंजच्या वेबसाइटवर बघा. ती १ रुपया असेल तर ३०० टक्के म्हणजे शेअरला ३ रुपये. ५० शेअरचे १५० रुपये. ४१२ रुपयांवर ३ रुपये म्हणजे पाऊण टक्क्याहून किंचित कमी, याला डिव्हिडंड यील्ड म्हणतात आणि बघायचं ते हेच. काकूंचा दोष नाही. जाहिराती आणि बातम्या मोठा आकडा दिसावा म्हणून टक्के छापतात. ‘शेअरला किती रुपये’ एवढंच विचारा.

स्प्लिटमध्ये दर्शनी किंमतच फोडतात. नेस्ले इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये १० रुपयांचा शेअर १ रुपयाचा केला. एकाचे दहा झाले आणि २७ हजारांच्या आसपासचा भाव २,७०० च्या आसपास आला. बोनसमध्ये दर्शनी किंमत तीच राहते, कंपनी साठवलेल्या नफ्यातून, म्हणजे रिझर्व्हमधून, जादा शेअर देते. रिलायन्सने एकाला एक दिला. दोन्हीकडे तुमचा कंपनीतला हिस्सा तेवढाच राहतो. ‘बोनस येणार आहे, घ्या’ या बोलण्यात म्हणून काही अर्थ नसतो.

रेकॉर्ड डेट म्हणजे ज्या दिवशी कंपनी यादी बघते, शेअर कोणाच्या डीमॅटमध्ये आहेत. टी+१ असल्यामुळे यादीत नाव यायला निदान आदल्या कामकाजाच्या दिवशी खरेदी झालेली पाहिजे. एक्स डेट म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभ मिळत नाही. पूर्वी या दोन तारखांत अंतर असायचं, आता एकच दिवस पडतो. रिलायन्सची तारीख २८ ऑक्टोबर, सोमवार. त्या सकाळी भाव निम्मा लागला, पण बोनसचे शेअर डीमॅटमध्ये यायला दोनेक दिवस लागतात. मधल्या काळात ऍप अर्धेच शेअर आणि अर्धाच भाव दाखवतं, म्हणून घाम फुटतो. तुमच्या वडिलांसारखे कितीतरी ज्येष्ठ त्या दिवशी घाबरून विकायला निघाले असतील. ऍपवाल्यांनी अशा दिवशी शेअरच्या नावाखाली मराठीत एक ओळ लिहायला काय हरकत आहे? ही मागणी आपण सगळ्यांनी आपापल्या ब्रोकरकडे लेखी केली पाहिजे.

---

आयटीतला सातारकर

मराठीतल्या ओळीला शंभर टक्के पाठिंबा. मेल आज पाठवतो.

काका, माझ्या ऑफिसातले पोरगे ऑप्शनबद्दल बोलतात, प्रीमियम, एक्स्पायरी वगैरे. त्याबद्दलही लिहाल का?

---

फोर्टातला जुना कारकून

थोडक्यातच लिहितो. ऑप्शन म्हणजे ठरावीक तारखेला ठरावीक भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो हक्क मिळवायला जे देता ते प्रीमियम, ती तारीख म्हणजे एक्स्पायरी. भाव तुमच्या बाजूने गेला नाही तर प्रीमियम पूर्ण शून्य होतो. शेअर पडला तरी हातात शेअर उरतो, इथे काहीच उरत नाही. प्रीमियम दोन-चार हजारांचा असला तरी त्यामागचा इंडेक्सचा, म्हणजे निफ्टी-सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाचा, करार आता नियमाप्रमाणे निदान १५ लाखांचा असतो. आणि ज्याने ऑप्शन विकलेला असतो त्याचं नुकसान प्रीमियमपाशी थांबत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास जाहीर केला. फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुमच्या ऑफिसातल्या पोरांना हा आकडा छापून द्या. त्यांचे पगार चांगले आहेत, घराचे हप्ते सुरू व्हायचे आहेत. माझा जीव तुटतो हे बघून.

---

कराडची वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, मी तुमचा प्रतिसाद आणि नोट शेजारी शेजारी ठेवून वाचली. सौद्याची वेळ ९:०८ चीच आहे. फेस व्हॅल्यू १ रुपया निघाली, काकूंना १५० रुपयांचा हिशेब करून दाखवला. खाते क्रमांक सोळाही आकडे, म्हणजे सीडीएसएल. लॉगिन केलं, ५० शेअर तिथे दिसले तेव्हा कुठे जिवात जीव आला. एमटीएफ नको असं मेलवर कळवलं, ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. ब्रोकरेजबद्दल विचारलं तर दुसरा प्लॅन खरंच आहे, ऑर्डरला २० रुपयांचा. तो आधी कुणी सांगितला नव्हता.

एक नवीन शंका. मी ब्रोकरकडे २२,००० भरले होते. उरलेले १,२५३.६९ तसेच ठेवले होते, पुढच्या खरेदीसाठी. शुक्रवारी ते आपोआप बँकेत परत आले. मी तर मागितले नव्हते. खातं बंद वगैरे केलं का त्यांनी?

---

फोर्टातला जुना कारकून

नाही वहिनी, खातं चालू आहे. पडून असलेले ग्राहकाचे पैसे ब्रोकरने ठरावीक मुदतीने बँकेत परत पाठवलेच पाहिजेत असा सेबीचा नियम आहे. खातं उघडताना तुम्ही महिना किंवा तिमाही यातलं एक निवडलेलं असतं, तुमच्याकडे बहुधा महिना असेल. लेजरमध्ये ‘रनिंग अकाउंट सेटलमेंट’ किंवा ‘क्वार्टरली / मंथली सेटलमेंट’ अशी नोंद दिसेल आणि त्यासोबत हिशेबाचा मेलही आला असेल, तो उघडा. पुढच्या खरेदीच्या वेळी तेवढे पैसे पुन्हा भरायचे, बस. प्लॅन बदलून घेतलात की पुढच्या नोटेत ब्रोकरेजच्या ओळीत २० आलं का ते बघून इथे कळवा. नाही आलं तर ब्रोकरकडे लेखी तक्रार कशी करायची आणि तिथे दाद नाही लागली तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारीच्या वेबसाइटवर कशी टाकायची, ते मी लिहून देतो.